खबर आली की आधी मला सांगा

सायबोयू, ९ जुलै

बुरुल एजे,

अक्षर ओळखशील. मी जिवंत आहे, हे आधी लिहिते. तुमच्या येकातेरिनबुर्गच्या टीव्हीवर सायबोयू दाखवलं असेल तर बाकीचं वाचण्याआधी तुला एवढं कळायला हवं. तुला माझी काळजी वाटत असेल की नाही, मला माहीत नाही. आई गेली तेव्हापासून आपण एकमेकींना काही विचारलेलंच नाही. तरी तू मोठी बहीण. तुला एजे म्हणायचं तेवढं मी सोडलेलं नाही.

मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर तिरकं जाईल.

परवा सकाळी कोकसाय आली. नदी आली असं सगळे म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते, पण ते पाणी नव्हतं. वर बर्फाखालचं तळं फुटलं म्हणे. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि उपटलेल्या मुळांचा. मी कारखान्यात माझ्या खोलीत होते. खिडकीतून पाहिलं तर खाली काळी, जाड, धडधडणारी वस्तू सरकत होती आणि तिच्यावर चिनाराची झाडं उभीच्या उभी चालली होती. उभी, एजे. पानं हलत होती त्यांची. मी त्या झाडांकडे बघत राहिले. पूल गेलेला मला दिसलाच नाही. कोणीतरी मागून ओरडलं, "पूल कुठाय?" तेव्हा बघितलं, तर तिथे नुसतं आकाश होतं.

बाजाराचा दिवस होता. अख्खा बाजार पलीकडे, उजव्या काठाला. तिकडचं काहीच कळत नाही. फोन बंद, वीज बंद. आपला पावाचा कारखाना डाव्या काठाला, उंचावर, म्हणून उभा आहे. जनरेटर आहे, भट्ट्या तेलावर चालतात, विहीर आहे, गोदामात पीठ आहे. गावातली बाकीची दुकानं चिखलात गेली. म्हणजे आता या काठाला पाव मिळेल तर आमच्याकडेच.

ओमुरबेक बायके, आमचे डायरेक्टर, पहिल्यांदा म्हणाले, "कारखाना बंद. सगळ्यांना घरी पाठव."

मी म्हटलं, "घरी म्हणजे कुठे?"

निम्म्या लोकांची घरं खालच्या आळीत होती. मला प्रत्येकाचं घर माहीत आहे ना, कोण कुठे राहतं, घरात म्हातारं कोण, तान्हं कोण. तू हसायचीस माझ्या या नोकरीला. "माणसं सांभाळायची नोकरी? गुरं बरी त्यापेक्षा," म्हणायचीस. मी म्हटलं, "घरी पाठवू नका. ज्यांची घरं गेली त्यांना पोराबाळांसकट इकडे आणा. मग भट्टी पेटवा." ते म्हणाले, "पोरं? कारखान्यात? नियम काय म्हणतो?" मी म्हटलं, "नियम खालच्या आळीत राहत होता, बायके."

हे असं मी बोलले. मलाच आश्चर्य वाटलं.

तालायचं, तुझ्या मेहुण्याचं विचारशील. तालाय कामावर आहे.

हे पत्र हेलिकॉप्टरमधून जखमींबरोबर ओशला जाईल. पोचेल तेव्हा पोचेल.

सायकाल


सायबोयू, ११ जुलै

एजे,

तुझं उत्तर यायला रस्ता नाही, तरी लिहिते. लिहिताना डोकं जरा जागेवर राहतं.

कारखाना चालू आहे. पॅकिंगच्या हॉलमध्ये पाव भरायची टेबलं भिंतीला लावली आणि मध्ये गाद्या टाकल्या. पोरं तिथे झोपतात, भांडतात, पिठाच्या पोत्यांवर घसरगुंडी करतात. रुबाबात पांढरी टोपी घालून फिरणाऱ्या भट्टीवरच्या बायका दर थोड्या वेळाने येऊन आपलं पोर मोजून जातात आणि परत भट्टीवर उभ्या राहतात. पहिल्या दिवशी घरून बोलवायला गेलो तेव्हा कोणी यायला तयार नव्हतं. "पोरांना सोडून येऊ?" असंच जी ती म्हणाली. "पोरांना घेऊन ये," म्हटल्यावर आल्या.

निवृत्त झालेले लोकही आले. मी दर नूरूझच्या सणाला त्यांच्याकडे जायचे, चहा प्यायचे, कारखान्याच्या गप्पा सांगायचे, तेव्हा तालाय चिडवायचा, "म्हाताऱ्यांच्या घरी फुकटचा मध खाऊन येतेस." सापार आबांना मी बोलवलंही नव्हतं. काठी टेकत, टेकडी चढून आले आणि फाटकात उभं राहून म्हणाले, "ए पोरी, मला भट्टीवर उभं करू नकोस, माझे गुडघे गेले. पण मला बसून काहीतरी करायला दे, घरात बसून मला चिखलाचा आवाज येतो." त्यांना पोरांजवळ बसवलं. त्यांनाही बरं, पोरांनाही.

एक गोष्ट उपयोगी पडली, तिची सगळ्यांनी टिंगल केली होती. वर्षभर मी आठवड्यातून एक दिवस अदलाबदलीचा ठेवला होता. प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचं तरी काम शिकायचं. पाव भरणारी झायना भट्टीवर, मळायच्या यंत्रावरचा माणूस जनरेटरवर, ट्रकवाला मामित कणीक मळायला. मामित तर दर वेळी माझ्या दारात येऊन सलाम ठोकायचा, "वहिनी, आज कणीक, उद्या केक, परवा तुमची खुर्ची! वर बसून मी काय करायचं ते आत्ताच सांगून ठेवा." पूर आला त्या दिवशी अदलाबदलच होती. मामित कोपरापर्यंत कणकेत होता.

आता सांगते ते नीट वाच, कारण मला ते कोणालातरी सांगायचं आहे.

पहिल्या संध्याकाळी कोणीतरी फाटकातून ओरडलं, "शाळा पडली!" झालं. भट्टीवरचे सगळे धावले. पाव आत तसेच. मळायचं यंत्र चालू. शाळा पडली नव्हती. शाळेची कुंपणाची भिंत पडली होती. पण तोवर सगळा माल जळून कोळसा झाला होता, आणि बाहेर रांगेत बायका उभ्या होत्या. त्यांना काहीच देता आलं नाही. एक म्हातारी काही न बोलता रिकामी पिशवी घडी करून घेऊन गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी पिठाच्या पोत्यावर उभी राहिले. मला भाषण येत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, "ऐका. पलीकडून, गावातून, हॉस्पिटलातून, जिथून कुठून खबर येईल ती आधी माझ्याकडे येईल. कोणाच्याही घरची असो. फाटकावर मी माणूस ठेवते. आणि खबर आली की मी स्वतः येऊन त्या माणसाला सांगेन. लगेच. पाळी संपायची वाट बघणार नाही, भट्टी बघणार नाही. चांगली असो, वाईट असो. मी आले नाही, तर खबर नाही. तोपर्यंत इथे उभं राहा."

बुबुसाराने, भट्टीच्या मुकादमिणीने, विचारलं, "आणि तू खोटं बोललीस तर?"

मी म्हटलं, "तर मला भट्टीत घाल."

कोणी हसलं नाही. पण नंतर कोणी पळालंही नाही.

सायकाल


सायबोयू, १२ जुलै, दुपार

एजे,

आज मला बोलता येत नाही म्हणून लिहिते.

सैनिकांनी नदीवर दोरखंड टाकलाय. पलीकडचा एक माणूस सकाळी त्यावरून आला आणि थेट ओमुरबेक बायकेंकडे गेला. त्यांनी मला बोलवलं. दार लावलं.

"बुबुसाराची मुलगी," ते म्हणाले.

आयझात. तुला आठवत नसेल, तू गेलीस तेव्हा लहान होती. बाजारात कापडाच्या दुकानात कामाला लागली होती या वसंतात. पहिल्या पगारात आईला चामड्याचे हातमोजे आणले होते, भट्टीसाठी. आम्ही सगळ्या हसलो होतो, भट्टीवर कोणी चामड्याचे घालतं का! बुबुसारा तेच घालायची.

सापडली म्हणे. दुकानाच्या मागच्या खोलीत.

बायके म्हणाले, "सायकाल, ऐक. संध्याकाळची पाळी होऊ दे. हॉस्पिटलला पाव जायचाय, सैनिकांना जायचाय. रात्री सांग. तिला आत्ता कळून काय होणार आहे? मेलेलं माणूस संध्याकाळपर्यंत थांबेल."

वाईट माणूस नाही तो. त्याचे डोळे लाल होते. तो बरोबरच बोलत होता असं वाटलं मला. खरंच, एजे, वाटलं. एका पाळीचाच तर प्रश्न होता. माझी जीभ "बरं" म्हणायला निघाली होती, आणि मग मला बिश्केकचं ते वसतिगृह आठवलं. फोनवर तू म्हणाली होतीस, "आई झोपलीये, परीक्षा झाली की बोल." मी परीक्षा दिली. पहिली आले. घरी आले तर अंगणात शोकाचा तंबू उतरवत होते. लोक जेवून गेलेले. दोरीवर तुझा काळा रुमाल वाळत होता. आई माझ्याशिवाय जमिनीत गेली होती, आणि मी त्या दिवशी बागेत आइस्क्रीम खाल्लं होतं. ते आइस्क्रीम मी आजतागायत विसरलेले नाही.

मी बायकेंना म्हटलं, "मी सांगते आत्ता."

"भट्टी बंद पडेल."

"पडू दे."

खाली जिन्यात मात्र पाय उचलेना. आपल्याकडे अशी खबर एकट्याने जाऊन सांगत नाहीत. जाणता माणूस लागतो, बसवावं लागतं, आडवळणाने शब्द यावे लागतात. म्हणून मी सापार आबांना घेतलं. आबांनी खिशातून स्वच्छ टोपी काढली, घातली, मांडीवरचं पोर खाली ठेवलं आणि माझा दंड धरून चालू लागले.

बुबुसाराने आम्हाला येताना पाहिलं. आबांची टोपी पाहिली.

आबा म्हणाले, "बुबुसारा, लेकी, बस जरा. या नदीने कोणाचं अंगण ठेवलं, कोणाचं नेलं. ज्याचं नेलं त्याला विचारलं नाही..."

"आबा, सरळ सांगा," ती म्हणाली. "आयझात ना?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. आयझात. सापडली आहे. सैनिक तुला दोरखंडावरून पलीकडे नेतील, मी बोलले आहे, तुझा दीर सोबत येतोय."

तिने हातमोजे काढले. एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. झायनाकडे वळून म्हणाली, "खालच्या कप्प्याला आच जास्त आहे. बुडाकडून करपतील, लक्ष ठेव." आणि मग तिच्या तोंडून आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही.

भट्टी बंद पडली नाही. झायना तिथे जाऊन उभी राहिली. रडत होती आणि पाव काढत होती. पहिला घाणा बुडाकडून करपलाच. तो तसाच हॉस्पिटलला गेला, कोणी परत पाठवला नाही. मला वाटलं होतं की आता एकेक जण जाईल, ज्याची ज्याची माणसं पलीकडे आहेत. कोणी गेलं नाही. मळायच्या यंत्रावर एक जण रडवेला होऊन विचारत होता, "माझा भाऊ पण बाजारात होता, मी काय करू?" मामित कणीक उलथत त्याला म्हणाला, "अरे बाबा, ही बाई बुबुसाराला सांगायला आली की नाही? भर पाळीत आली. तुझी खबर असती तर तुझ्याकडे आली असती. आली नाही ना? मग पाणी घाल, कणीक घट्ट होतेय."

मी दाराआड उभी राहून हे ऐकलं. मग बाहेर जाऊन पलीकडच्या काठाकडे बघत राहिले.

सायकाल


सायबोयू, १५ जुलै

एजे,

तालाय गेला.

लिहून बघितलं. तसंच दिसतंय.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, तो कामावर आहे. खोटं नव्हतं. तो कामावरच होता. अदलाबदलीचा दिवस. मामित कणकेवर, आणि मामितच्या ट्रकवर माझा नवरा. दुरुस्ती खात्यातला माणूस, ट्रक उघडून जोडता येतो पण घाट चालवता येत नाही म्हणून मामित त्याला हसायचा. मीच म्हटलं होतं, तू शिक, एका ड्रायव्हरवर सगळा कारखाना नको. सकाळी निघताना त्याने खिडकीतून हात काढून हॉर्न वाजवला, उगाच, दोनतीन वेळा, मला लाजवायला. पलीकडे गिरणीतून पीठ आणायचं होतं.

मी कोणाला म्हणाले नाही. कोणी मला विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं की ट्रक पलीकडे आहे आणि त्यात कोण आहे. मी पोत्यावर उभी राहून भाषण केलं तेव्हाही माहीत होतं. मी मनाशी म्हणत होते, पलीकडे आहे, गिरणी उंचावर आहे, गिरणीत बसून चहा पीत असेल.

आज सकाळी मी पाळ्या लावत होते. दारात सापार आबा. त्यांच्यामागे बुबुसारा. ती काल लेकीला माती देऊन परत आली होती, काळा रुमाल बांधलेला. मी म्हटलं, "तू कशाला आलीस, घरी राहा," आणि मग मी आबांची टोपी पाहिली.

मी म्हटलं, "नाही."

आबांनी तोंड उघडलं. म्हातारा माणूस, आयुष्यभर किती घरी असं जाऊन बोलला असेल. हुंदका देत खुर्चीत बसला. मग बुबुसारा माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "सायकाल, पुलाजवळच ट्रक सापडलाय. तालाय आत आहे. मला आज सकाळी कळलं, कळल्याकळल्या आले. तू माझ्याकडे जशी आलीस तशी."

मी तिला म्हटलं, "पाळ्या राहिल्यात."

ती म्हणाली, "राहू दे."

मी उठले आणि ओमुरबेक बायकेंच्या खोलीत गेले. का गेले, माहीत नाही. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "काल."

"काल तुम्ही माझ्याबरोबर जेवलात."

"सायकाल, तू गेलीस तर हे सगळं बसेल. या काठाच्या लोकांचा पाव तुझ्यावर आहे. मला वाटलं, एक दिवस, फक्त एक दिवस... ज्यांना कळलं त्यांना मीच सांगितलं होतं, तुला कळू देऊ नका म्हणून."

मला ओरडायचं होतं. मला आठवतंय की मी त्यांच्या टेबलावरचा करपलेल्या पावाचा तुकडा उचलून खाल्ला. चावत राहिले. मग बुबुसारा मला बाहेर घेऊन गेली.

आत्ता दोरखंडाजवळ बसले आहे. सैनिक सांगतोय, माणसं न्यायचा पाळणा येतोय. पत्र त्याच्याकडे देते.


सायबोयू, २६ जुलै

एजे,

फोन लागतात आता. तुझा आला होता. मी नाव बघितलं आणि वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. रागाने नाही. बोलायला गेले की घशातून आवाजच येत नाही. मामितशी, झायनाशी बोलते, कामाचं सगळं बोलते. तुझ्याशी कामाचं काही नाही, म्हणून येत नसेल. झायनाने तुझा फोन घेतला आणि मला सांगितलं की तू निघतेस. म्हणून हे लिहिते. ओशला झायनाच्या मावशीकडे पाठवतेय, तू उतरलीस की मिळेल.

तालायला त्याच्या गावी, वडिलांच्या शेजारी माती दिली. शोकाच्या तंबूत बसले, परत आले. मधले दिवस मला आठवत नाहीत. पण एक ऐक. मी परत आले तेव्हा मला वाटलं होतं की कारखाना ओस पडला असेल. फाटकातून आत आले तर पावाचा वास. रांग नेहमीसारखी. माझ्या खोलीत माझ्या खुर्चीवर झायना, कानामागे पेन्सिल खोचून कोणालातरी झापत होती, "तुझं पोर तापलंय आणि तू भट्टीवर? चल नीघ, तुझ्या जागी बुबुसारा उभी राहतेय!" मला बघितलं आणि दचकून उठली, जशी काही चोरी पकडली.

मी नसताना सगळं चाललं होतं. एक घाणा चुकला नव्हता. एवढ्यासाठीच तर मी वर्षभर सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, की एका माणसावाचून काही अडू नये. आता तसं झालेलं डोळ्यांनी बघितलं आणि दारात उभी राहून वाटलं, म्हणजे त्याच्यावाचूनही अडलं नाही. मला तो पावाचा वास सहन होईना. बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले.

बिश्केकहून एक साहेब आला होता. छान कपडे, छान बोलणं. संकटातही तुमचा कारखाना टिकला, इतर ठिकाणचे बसले, तुमच्या मनुष्यबळ विभागाची योजना काय होती, असं विचारत होता. झायना म्हणाली, "आधी पोरं इथे आणली, साहेब. पोरं इथे, तर आम्ही जाणार कुठे?" तो हसला, त्याला वाटलं ती विनोद करतेय. बुबुसारा म्हणाली, "आणि इथे आमच्यापासून काही लपवलं नाही." ओमुरबेक बायके खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी माझी माफी मागितली आहे. मी ऐकून घेतली. पुढचं मला अजून जमलेलं नाही.

तुझंही तसंच आहे, एजे. तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही, तू आलीस तरी म्हणणार नाही. पण जिन्यात पाय कसा उचलत नाही, ते आता मला कळलंय.

आता मामितचं सांगते.

तो ट्रकजवळ जात नव्हता. कारखान्याचा दुसरा, जुना ट्रक आहे, त्याच्या बाजूनेही जायचा नाही. दिवसभर पोती उचलायचा, चहाला यायचा नाही, मला बघितलं की गोदामात शिरायचा. माझ्या दारात येऊन सलाम ठोकणारा माणूस. सैन्याचा पूल तयार झाला, पीठ संपत आलं, तरी कोणी त्याला काही म्हणेना. मग मीच गोदामात गेले.

"पीठ संपतंय, मामित."

"दुसरा कोणी जाईल, वहिनी."

"दुसरा कोणी तालाय होता."

हे मी बोलले. तोंडातून गेलं आणि मग कळलं. तो पोत्यावर बसला, पांढराफटक. पीठ होतं अंगावर, त्यामुळेही असेल.

"मी हसत होतो त्या वेळी," तो म्हणाला. "कणकेत हात घालून हसत होतो. तिथे मी असायचो ना. माझा ट्रक. माझा रस्ता. मला माहीत होतं त्या पुलावर कुठे थांबायचं नाही ते. त्याला काय माहीत!" मग, "माझा राग येत नाही तुम्हाला?"

"येतो. सकाळी उठल्यावर येतो. चहा होईपर्यंत राहतो. मग माझा स्वतःचा येतो, तो दिवसभर पुरतो."

"मग मला कशाला पाठवता?"

"कारण पलीकडे गिरणी आहे आणि इकडे पोरं आहेत. आणि मी तुला एकट्याला पाठवत नाहीये. मी शेजारी बसतेय."

त्याने उठून हात झटकले.

आज गेलो. घाट उतरलो. पूल लोखंडी फळ्यांचा आहे, चाकाखाली वाजतो. निम्म्यात आल्यावर त्याने ट्रक थांबवला. इंजिन बंद. स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. एक सैनिक पोरगा खिडकीशी येऊन ओरडला, "ओ काका, झोपलात का? पूल तुमच्या बापाचा आहे का?"

मी खाली पाहिलं. एजे, नदी एवढीशी होती. घोट्याएवढं पाणी, स्वच्छ, दगडांमधून खळखळत चाललेलं. त्यात कोणाची तरी गाय पाणी पीत होती. मला कळेना, की ती हीच का. मी बघत राहिले, बघत राहिले, आणि मला पहिल्यांदा रडू आलं. मोठ्याने. मामितने डोकं वर केलं. माझं रडणं बघून तो घाबरला, त्याने घाईघाईने चावी फिरवली, आणि ट्रक हलला. पलीकडे उतरेपर्यंत तो एका हाताने चालवत होता आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडे पाण्याची बाटली धरून होता.

पीठ आणलं. उद्या पुन्हा जायचंय. मी म्हटलं, उद्याही येते. तो म्हणाला, "उद्या मी जातो, वहिनी. तुम्ही परवा या."

तर तू ओशहून टॅक्सी करू नकोस, टॅक्सीवाले पुलाला घाबरतात आणि त्याच्या आधीच उतरवतात. बसने गिरणीपाशी ये. सकाळी मामितचा ट्रक तिथे असतो. त्याला सांग, मी सायकालची बहीण. तो तुला पुढे बसवेल. वाटेत त्याला काही विचारू नकोस. पूल आला की तो हळू होईल, कदाचित थांबेल. थांबला तर घाई करू नकोस, हॉर्न वाजले तरी वाजू देत. तू नुसती शेजारी बस.

मी फाटकात उभी असेन. मला बोलता आलं नाही, तर तू बोल.

सायकाल